कुरडईचे केस

कुरळ्या केसांचं मांजर बघितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. "हे मांजरच आहे ना?" आणि "ह्याला काय झालंय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं शोधायला आम्हाला २०२३ सालचे जवळजवळ तीन महिने लागले आणि ते एका वाक्यात काही बसत नाही. म्हणून हा वीकेंड त्याच्या नावाने.

आमच्या मांजरीचं नाव कुरडई, जात डेव्हन रेक्स. २०२० मध्ये ब्रिस्टलला घरी आणली तेव्हा ती तेरा आठवड्यांची होती. पांढरट पिवळसर रंग, अंगभर बारीक वेटोळी, चेहऱ्यापेक्षा कान मोठे. बायको म्हणाली, "अरे, ही तर नुकती तळलेली कुरडई!" झालं, नाव ठरलं. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट अजूनही ते नाव पुकारण्याआधी एक मोठा श्वास घेते :-) आईने व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची प्रतिक्रिया वेगळी होती. "अगं बाई, उपाशी ठेवता की काय हिला? अंगावर धड केस नाहीत. खोबरेल तेल लावा जरा." (तेलाकडे नंतर येतो.)

ज्याने सॉफ्टवेअरमध्ये चार दिवस काढलेत त्याला "हा बग नाही, फीचर आहे" हे वाक्य माहीत असतंच. कधी ते खरं असतं, कधी शुक्रवारी संध्याकाळी लवकर घरी जायचं असतं. कुरळ्या मांजरांच्या बाबतीत हेच वाक्य "जातच तशी आहे हो" या रूपात भेटतं. गंमत अशी की तेही बऱ्याचदा खरं असतं. त्यामुळेच ते घातक आहे. जे कधीच खरं नसतं त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल?

आधी फीचर समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय बग ओळखता येत नाही.

१९५० साली इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन मूर भागात, नीना एनिसमोर यांच्या सरीना नावाच्या मांजरीला पिल्लं झाली. बाकीची नेहमीसारखी, पण एक बोका कुरळा निघाला. त्याचं नाव ठेवलं कॅलिबंकर. कॉर्निश रेक्स ही जात त्याच्यापासून सुरू झाली. (रेक्स हा शब्द सशांकडून उसना घेतलेला. वेगळ्या पोताच्या मऊ केसांच्या सशांना तो आधीपासून होता.) मग १९६० च्या सुमारास शेजारच्या डेव्हनमध्ये, बकफास्टली नावाच्या गावात, बेरिल कॉक्स यांच्या घरी आणखी एक कुरळं पिल्लू जन्मलं. हा कर्ली. आमच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर हे गाव आहे, त्यामुळे कुरडईला आम्ही 'इथलीच' म्हणतो. आम्हीच बाहेरचे.

आता दोन शेजारी परगणे, दोघांत कुरळी मांजरं, म्हणजे भानगड एकच असणार असं कोणालाही वाटेल. तेव्हाही वाटलं. म्हणून कर्लीची कॉर्निश मांजरींशी जोडी लावली. पिल्लं झाली, सगळीच्या सगळी सरळ केसांची! दोन कुरळ्यांना एकही कुरळं पिल्लू नाही. याचा अर्थ बिघाड दोन वेगवेगळ्या फायलींमध्ये होता. कॉर्निशची एक फाइल खराब, डेव्हनची दुसरीच. प्रत्येक पिल्लाला दोन्ही फायलींची एक-एक चांगली कॉपी मिळाली आणि केस सरळ आले, कारण हे दोन्ही दोष रिसेसिव्ह आहेत, म्हणजे दोन्ही कॉप्या खराब असतील तरच दिसतात.

पन्नास वर्षांनी या फायली सापडल्या. डेव्हन रेक्सची २०१० मध्ये. त्या जनुकाचं नाव केआरटी७१. मजा म्हणजे बिनकेसांच्या स्फिंक्स मांजराचा दोषही याच जनुकात आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. कॉर्निशची फाइल २०१३ मध्ये सापडली, एलपीएआर६. तिथे डीएनएची अवघी चार अक्षरं गळलेली आहेत. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो, त्यामुळे चार अक्षरं गळली की पुढचं सगळं वाचनच सरकतं. एक कंस विसरला की पुढच्या दोनशे ओळींवर लाल रेघा येतात ना, तसंच.

केआरटी७१ करतं काय? केस त्वचेखाली तयार होतो तेव्हा त्याच्याभोवती एक आतली नळी असते. ओल्या, मऊ केसाला ती आकार देते. त्या नळीचं एक प्रथिन हे जनुक बनवतं. मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे. सोऱ्याची चकती आठवा. चकती नीट असेल तर शेव सरळ, एकसारखी पडते. चकतीच वेडीवाकडी असेल तर शेव वळते, कुठे जाड कुठे बारीक होते आणि बारीक जागी हात लागताच तुटते. डेव्हन रेक्सचा केस नेमका असा आहे. वळलेला आणि म्हणून गोड दिसणारा, पण ठिसूळ. मिशासुद्धा अर्ध्यावर तुटलेल्या.

म्हणजे जे आपल्याला आवडतं आणि ज्याची आपल्याला काळजी वाटते, त्या दोन्ही गोष्टी एकाच चकतीतून येतात. वेटोळी हवीत आणि केस तुटायला नकोत, असं पॅकेज उपलब्ध नाही.

बरं, केस झडण्याचंही एक वेळापत्रक असतं. कुरडई चार महिन्यांची झाली आणि महिन्याभरात तिची मान, छाती आणि पोट जवळजवळ उघडं पडलं. जिच्याकडून आणली त्या बाईंनी आधीच बजावलं होतं: पिल्लाची लव जाईल, घाबरू नका. नवा कोट यायला वेळ लागला. २०२१ च्या उन्हाळ्यात तो आला, पाठीवर छान लाटा पडल्या. मानेखालचा रुपयाएवढा एक चट्टा तेवढा तसाच राहिला.

इतर कुरळ्या जातींमध्ये हेच नाटक वेगळ्या अंकांत चालतं. सेल्कर्क रेक्स (१९८७, अमेरिकेतलं मोंटाना) ही जन्मतः कुरळी असते, काही महिन्यांत सरळ होते आणि मोठी होताना पुन्हा कुरळी. लापर्म (१९८२, ओरेगन) या जातीचं पहिलं पिल्लू तर टकलंच जन्मलं आणि काही आठवड्यांनी त्याला कुरळे केस आले. त्यावर नेहमीची केसगळ. मांजराचा प्रत्येक केस वाढतो, थांबतो, विश्रांती घेतो आणि पडतो. हे चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं. घरात बारा महिने दिवे असले की ते थोडं विस्कटतं. सरळ केसांच्या मांजरात हे लक्षातही येत नाही, कारण खाली दाट कोट असतो. डेव्हनमध्ये बॅकअपच नाही! चार केस कमी झाले की कातडी दिसते.

हे झालं फीचर. आता बग.

२०२३ च्या जुलैमध्ये आम्ही भाड्याचं घर बदललं. सप्टेंबरमध्ये लक्षात आलं की कुरडईचं पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू विरळ होतेय. दोन्हीकडे अगदी सारखी. त्वचा स्वच्छ, ना पुरळ ना खपल्या. खाणं-पिणं, खेळणं व्यवस्थित. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, डेव्हन आहे, यांचं असंच असतं.

माझ्याकडे तिचे फोटो होते. पहिल्या टकलेपणापासून मी दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच टॉवेलवर तिचे चार फोटो काढत आलोय. मान, पाठ, पोट, मांड्या. (बायको याला 'कुरडईचा पासपोर्ट विभाग' म्हणते.) ते लॅपटॉपवर शेजारी-शेजारी लावून पाहिले. मानेचा चट्टा अडीच वर्षांत तसूभर हललेला नव्हता. पोट मात्र ऑगस्टपर्यंत भरलेलं आणि सप्टेंबरात रिकामं. जनुक काही सप्टेंबरमध्ये बदललं नव्हतं. मग सप्टेंबरमध्ये काय झालं?

ऑक्टोबरात फोटो घेऊन पुन्हा गेलो. या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी फोटो नीट पाहिले, घर बदलल्याचं विचारून घेतलं आणि निदान केलं: स्ट्रेस. मांजरं ताणात स्वतःला चाटत बसतात, नव्या घरात रुळली की थांबेल. पिसवांचं काय, हे मी विचारलं. उत्तर आलं की घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला पिसवा कुठून येणार?

ऐकायला पटतं. घर बदललं, मग केस गेले. पण कामाच्या ठिकाणी आपण हे रोज बघतो. रिलीजनंतर सर्व्हर पडला म्हणजे नव्या कोडने पाडला असं नाही, त्याच रात्री कुणी डिस्कही भरून ठेवलेली असू शकते. शिवाय 'स्ट्रेस' हे इतर कारणं तपासून संपल्यावर उरणारं निदान आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. मानसिक कारणाने केस चाटून काढतात असा संशय असलेल्या २१ मांजरांची त्यात कसून तपासणी केली. १६ मांजरांमध्ये निव्वळ शारीरिक कारण निघालं, ३ मध्ये दोन्ही आणि फक्त २ मध्ये केवळ मानसिक. एकवीस हा आकडा लहान आहे, मान्य. पण त्यावरून एवढं नक्की कळतं की 'स्ट्रेस' हे पहिलं उत्तर असू नये.

नोव्हेंबरात आम्ही त्वचेच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळवली. त्यांनी जे केलं ते इतकं साधं होतं की मी बघतच राहिलो. चिमट्याने पोटावरच्या चट्ट्याच्या कडेचे दहा-पंधरा केस उपटले, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवले आणि मायक्रोस्कोपखाली पाहिले. याला ट्रायकोग्राम म्हणतात. केस आपोआप गळत असेल तर त्याच्या जागी उगवणाऱ्या नव्या केसाचं टोक निमुळतं असतं. चाटून तोडला असेल तर टोक बोथट, फाटलेलं. आमच्या केसांची टोकं बोथट होती.

पण थांबा. डेव्हनचा केस तर तसाही तुटतोच! मग हा पुरावा कसला? डॉक्टरांना हे माहीत होतं. त्यांनी मानेमागचे केसही घेतले, कारण मांजराची जीभ मानेमागे पोचत नाही. तिथले केस कुठे अखंड, कुठे बारीक जागी तुटलेले, सगळे वेगवेगळ्या लांबीचे. पोटाचे मात्र सगळे जवळजवळ एकाच उंचीवर कापल्यासारखे. तीच मांजर, तेच जनुक, फरक फक्त जिभेचा. इतकी स्वच्छ टेस्ट केस मी ऑफिसातसुद्धा फार वेळा पाहिलेली नाही.

म्हणजे ती चाटत होती. आम्ही कधी पाहिलं नव्हतं, कारण मांजरं हे उद्योग बऱ्याचदा रात्री किंवा एकटी असताना करतात. आता चाटत का होती? डॉक्टरांनी उवांच्या फणीसारखी बारीक फणी शेपटीच्या मुळाशी फिरवली आणि निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. मिरपुडीसारखे पाच-सहा काळे कण. मिनिटाभरात त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नाही, आणि दिसणारही नव्हती. जे मांजर इतकं चाटतं ते पिसवा गिळूनही टाकतं. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली की चार चावेही पुरतात.

पिसवा आल्या कुठून? घरमालकांना विचारलं. आधीच्या भाडेकरूंकडे कुत्रा होता. घरातल्या एकूण पिसवांपैकी अंगावर दिसणाऱ्या अगदी थोड्या. बाकी सगळा संसार कार्पेटमध्ये, अंडी, अळ्या आणि कोष या रूपात. कोषातली पिसू महिनोन् महिने वाट बघू शकते. ऊब आणि पावलांची हालचाल जाणवली की बाहेर येते. आम्ही राहायला गेलो, चालू-फिरू लागलो, सप्टेंबरच्या थंडीत हीटिंग सुरू केलं. झालं.

गंमत बघा, घर बदलल्याने केस गेले हे अक्षरशः खरं होतं. फक्त रस्ता मनातून गेला नव्हता, कार्पेटमधून गेला होता.

मग दर महिन्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध मानेमागे. रोज व्हॅक्यूम. अंथरुणं साठ डिग्रीला धुणं. कार्पेटवर फवारा, आणि तो वाळेपर्यंत कुरडई बाथरूममध्ये बंद, दाराआडून निषेध व्यक्त करत. हे तीन-चार महिने चिकाटीने करावं लागतं, कारण आधीचे कोष फुटतच राहतात. जानेवारीत पोटावर पिठासारखी लव दिसली. मार्चपर्यंत वेटोळी आली. मानेचा चट्टा जागेवर, तसाच. तो तिचा आहे. त्याला औषध नाही आणि गरजही नाही.

तर एकाच मांजरीत बग होता आणि फीचरही. "जातच तशी" हे मानेबद्दल खरं आणि पोटाबद्दल खोटं. इतके दिवस कोणी फसवत नव्हतं, फक्त एकाच उत्तरात दोन्ही चट्टे बसवले जात होते.

तुमच्याकडे असं मांजर असेल (किंवा घ्यायचा विचार असेल) तर अनुभवातून काही गोष्टी. किती केस गेले यापेक्षा कधीपासून, कुठले आणि कसे गेले हे जास्त सांगून जातं, आणि त्यासाठी महिन्याचे फोटो पुरतात. चट्टा जिभेच्या टप्प्यात आहे का ते बघा. खाज, खपल्या, लाली, वास यातलं काहीही असेल तर जातीचं कारण तिथेच संपलं. गोल, खपल्यांचा चट्टा असेल तर गजकर्णाची शंका घ्या. ती बुरशी माणसालाही लागते, आणि तिची कल्चर टेस्ट यायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. म्हाताऱ्या मांजरात कोट बिघडून वजनही उतरत असेल तर थायरॉईड तपासा.

आणि तेल. आईची माफी मागून सांगतो, नको. नेहमीच्या मांजरात त्वचेचं तेल केसांवर पसरतं. डेव्हनला पुरेसे केसच नसल्याने ते कातडीवर, कानात, नखांच्या मुळाशी साचतं, आणि यीस्ट या जातीत सहज वाढते. वरून खोबरेल चोपडलं तर कुरडई ते चाटून संपवेल आणि आपल्याला कार्पेट पुन्हा धुवावं लागेल. टी ट्री ऑइलचं तर नावही काढू नका, मांजरांना ते विषारी आहे. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिन असलेली पिसवांची औषधंही मांजराला लावायची नाहीत. त्याने झटके येऊन जीव जाऊ शकतो. कुत्र्याचं उरलेलं औषध 'थोडंसंच' लावणारे लोक इथेही भेटतात आणि पुण्यातही.

पुण्या-मुंबईतल्या ज्यांच्या घरी साधं, गल्लीतून आलेलं, सरळ केसांचं मांजर आहे त्यांना एक शेवटचं. तुमच्या मांजराच्या पोटावर टक्कल पडलं तर तुमच्याकडे जातीचं कारण नाहीच. कोणी "सीझन आहे, येतील केस" म्हणालं तर हसून ऐका, आणि घरी येऊन बारीक फणी आणि ओला पांढरा कागद काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

असो. कुरडई आत्ता लॅपटॉपच्या चार्जरवर झोपली आहे, कारण तो गरम असतो. बॅटरी अकरा टक्के दाखवतेय, तेव्हा आवरतं घेतो.